बाहेरचा श्वास

२०१७ चा डिसेंबर. रात्री दीडच्या सुमाराला मला घरघरीने जाग आली. लांब, खरखरीत, ओढून घेतलेला श्वास. मग थोडी शांतता, मग पुन्हा तसाच. आईला दम्याचा जुना त्रास आहे. मी उठून तिच्या खोलीत धावले, तर ती उशीला टेकून बसलेली. डोळे टक्क उघडे आणि श्वास अगदी संथ. माझा चेहरा बघूनच तिला सगळं कळलं.

"मी नाही गं," ती म्हणाली. "ते बाहेर आहे. मी तासभर ऐकतेय."

मी खिडकी उघडली. बाहेर कडाक्याची थंडी होती. आवाज शेजारच्या बंद बंगल्याकडून येत होता, आणि आता नीट ऐकल्यावर तो एकाचा नव्हता. दोन-तीन जण आळीपाळीने श्वास ओढत असावेत तसा. आम्ही दोघी शाल पांघरून किती वेळ तिथे उभ्या होतो कोण जाणे. मला भीती वाटली नाही, कारण आई घाबरलेली नव्हती. ती कान देऊन ऐकत होती. लहानपणी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता माझे पाढे ऐकायची, अगदी तशी.

आम्ही पुण्यात सहकारनगरात राहतो. मागे तळजाईची टेकडी, खाली आंबिल ओढा, जवळच अरण्येश्वराचं देऊळ. त्या देवाच्या नावातच अरण्य आहे, हे मला इथे तीस वर्षं राहून कधी जाणवलं नव्हतं. आमच्या इमारतीला लागून एक जुना बंगला आहे, म्हणजे तेव्हा होता. मालक परदेशी, दारं बंद, पोर्चवर मंगलोरी कौलं, आणि वर पोटमाळ्याला एक झरोका. त्याची जाळी केव्हाच निखळून पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या झरोक्याखाली जाऊन पाहिलं. भिंतीवर चुना सांडावा तसे पांढरे ओघळ होते. खाली पाचोळ्यात अंगठ्याएवढ्या काळ्या गोळ्या पडल्या होत्या, ताज्या होत्या त्या तर वॉर्निश मारल्यासारख्या चकचकीत. चार गोळ्या कागदात गुंडाळून घरी आणल्या. घुबड भक्ष्य गिळतं, पचण्यासारखं पचवतं, आणि केस-हाडं अशी गोळी करून ओकून टाकतं, एवढं वाचून माहीत होतं. एक गोळी जुन्या बशीत कोमट पाण्यात भिजवली आणि भुवयांच्या चिमट्याने हळूहळू उकलली. राखाडी केसांच्या लगद्यातून तीन कवट्या निघाल्या. दोन उंदरांच्या. पुढचे वाकडे दात संत्र्याच्या सालीच्या रंगाचे, म्हणून लगेच ओळखू आल्या. तिसरी निमुळती होती, दात पांढरे, बारीक, टोकदार. ती चिचुंद्रीची. आईने चष्मा लावून तिन्ही पाहिल्या, आणि बशी फेकून दे म्हणाली नाही. "रात्रीत एवढं खातं?" एवढंच तिने विचारलं.

त्या संध्याकाळी सहा-सव्वासहाला आम्ही गॅलरीत खुर्च्या मांडल्या. सात वाजायच्या आत झरोक्यात काहीतरी पांढरं हललं. मग ते बाहेर आलं, क्षणभर कठड्यावर बसलं, आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडातून पलीकडे गेलं. खालून पाहिलं तेव्हा ते संपूर्ण पांढरं वाटलं. त्या क्षणभरात चेहरा मात्र दिसला होता. पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची पांढरी तबकडी आणि तिच्यात दोन काळेभोर डोळे. बाकीच्या घुबडांचा चेहरा गोल असतो. हा असा बदाम गव्हाणी घुबडाचा. आणि आदल्या रात्रीची घरघर त्याच्या पिल्लांची होती. भूक लागली की ती अशीच घोरल्यासारखी ओरडत राहतात, आईबाप काही घेऊन येईपर्यंत.

"गव्हाणी?" आई म्हणाली. "म्हणजे आमचंच की हे."

आईचं माहेर पुरंदर तालुक्यातलं. गोठ्यात बैलांची गव्हाण, वर कडब्याचा माळा, आणि माळ्यावर एक पांढरं घुबड. तिचे वडील, दादा, त्याला कणगीचा राखणदार म्हणायचे आणि पोरांना माळ्यावर चढू द्यायचे नाहीत. घुबडाला दगड मारू नये, हेही तिने तिथेच ऐकलेलं. मारलेला दगड ते उचलून नेतं आणि पाण्यात टाकतं, मग दगड झिजत जाईल तसा मारणारा झिजत जातो. लहानपणी ही गोष्ट ऐकून माझी झोप उडायची. आता वाटतं, ज्या कोणी ती पहिल्यांदा सांगितली त्याने किती घुबडांचे जीव वाचवले असतील. भीती काढून टाकता येत नाही, असं त्याला वाटलं असणार. म्हणून त्याने तिची दिशा बदलली.

त्यानंतर मी वाचायला लागले, आणि जितकं वाचलं तितकं त्या झरोक्याकडे बघणं बदललं. या पक्ष्याचे कान पिसांखाली असतात आणि दोन्ही एका पातळीवर नसतात, एक वर, एक जरा खाली. उंदराची खसफस दोन्ही कानांत किंचित वेगळी पोचते. तेवढ्या फरकावरून ते ठिकाण पकडतं, मिट्ट काळोखातसुद्धा. तो बदामी चेहरा म्हणजे आवाज गोळा करून कानाकडे वळवणारं सूप आहे. आणि पंख? पंखाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखी बारीक दातेरी पिसं, मागच्या कडेला मऊ झालर, वरून मखमल. हवा त्यावरून फाटत नाही, विरते. म्हणून ते डोक्यावरून गेलं तरी ऐकू येत नाही. भक्ष्याला चाहूल लागू नये हे झालंच, पण उडताना स्वतःच्या पंखांचा आवाज त्याच्या ऐकण्याच्या आड येत नाही, हे मला जास्त विलक्षण वाटतं.

मराठीत 'ओळख' हा शब्द दोन अंगांनी येतो. ओळख पटते, आणि ओळख होते. गव्हाणी घुबडाची ओळख एका संध्याकाळी पटली. पिंगळ्याच्या बाबतीत उलटं घडलं. त्याच्याशी ओळख कित्येक वर्षांची होती, पटली मात्र उशिरा.

ओढ्याच्या कडेला एक मोठा वर्षावृक्ष होता, सगळे ज्याला रेन ट्री म्हणतात तो. तिन्हीसांजेला त्यावर भांडण पेटायचं. चिर्रर्र चिर्रर्र, चिवक् चिवक्, दोघं एकमेकांवर तुटून पडल्यासारखी. मी ते साळुंक्यांचं भांडण समजत आले होते. एकदा दुपारी त्याच झाडावर खरोखरच साळुंक्यांनी कल्लोळ मांडला, त्यात बुलबुल आले, शिंपी आले, खाली एक खार शेपटी आपटत ओरडायला लागली. सगळ्यांची तोंडं एकाच ढोलीकडे. मी दुर्बीण लावली. ढोलीच्या तोंडाशी मुठीएवढं एक डोकं होतं, कपाळावर पांढरे ठिपके, पांढऱ्या भुवया, आणि दोन पिवळेजर्द डोळे थेट माझ्याकडे रोखलेले. मग त्याने मान खाली-वर केली, डावी-उजवीकडे केली. घुबडाचे डोळे खोबणीत घट्ट बसलेले असतात, आपल्यासारखे फिरत नाहीत. अंतर जोखायचं तर सगळं डोकंच हलवावं लागतं. त्यासाठी मानेत चौदा मणके असतात, आपल्या दुप्पट. तो मला जोखत होता.

तेव्हापासून घुबड शोधायची माझी रीत ठरून गेली. घुबड शोधायचं नाही, दुसऱ्या पक्ष्यांचा कालवा शोधायचा. भरदुपारी बुलबुल एका जागी उगाच जमत नाहीत.

पिंगळा म्हटलं की आईला पक्षी नंतर आठवतो, आधी माणूस. पहाटे, कोंबडा आरवायच्या आत, हातात कंदील आणि कुडमुडं घेऊन दारोदार येणारा पिंगळा जोशी. झाडावरच्या पिंगळ्याची बोली त्याला कळते म्हणायचे. तो दारात उभा राहून घराचं भविष्य सांगायचा, आणि आजी सुपातून पसाभर जोंधळे घालायची. मला त्यातल्या भविष्याचं काही वाटत नाही. पण गावातला एक माणूस पक्ष्याची भाषा ऐकण्याचं काम करतो, आणि गाव त्यासाठी त्याला धान्य देतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

पिंगळ्याच्या कपाळावरचे ठिपके मी अजूनही दर वेळी बघते. त्याला कारण आहे. त्याचा एक दुर्मीळ भाऊबंद आहे, रानपिंगळा. त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतातच. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावा नव्हता. १९१४ मध्ये गुजरातेत मिळाला म्हणून एक नमुना दाखवला जायचा. तो रिचर्ड माइनर्ट्सहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला. पामेला रासमुसेन या अमेरिकी संशोधक बाईंनी तो बारकाईने तपासला, तेव्हा कळलं की तो एका जुन्या संग्रहातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला नमुना आहे. खोटी जागा बाद झाल्यावर खऱ्या जागा उरल्या. १९९७ मध्ये त्या आणि त्यांचे दोन सहकारी आपल्या नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात पोचले, आणि तिथे रानपिंगळा समोर झाडावर बसलेला होता. ११३ वर्षांनी. एका खोट्या चिठ्ठीमुळे त्यातली कित्येक वर्षं माणसं भलतीकडे शोधत राहिली. म्हणून मी माझ्या वहीत, ओळख पटली नसेल तर 'घुबड' एवढंच लिहिते.

हे मी एका चुकीतूनही शिकले. एका जूनमध्ये पहिल्या पावसानंतर रात्रभर एकच स्वर यायचा. वक्… मग सात-आठ सेकंद काही नाही, मग पुन्हा वक्. मी वहीत 'बेडूक' लिहून मोकळी झाले. पुढे पाऊस ओढला, ओढा आटत आला, बेडूक गप्प झाले, आणि हा स्वर तसाच चालू. मग एका संध्याकाळी कोपऱ्यावरच्या आंब्यात तो दिसला. खोडाला चिकटून, डोळे बारीक करून, साल सुटावी तसा उभा, डोक्यावर दोन शिंगं. मी आनंदाने 'शृंगी घुबडाचं पिल्लू' असं लिहिलं. तेही चुकलं. डोळे उघडले तेव्हा ते तपकिरी निघाले. शृंगी घुबडाचे नारिंगी असतात, आणि ते याच्या दुपटीहून मोठं असतं. हा शिंगळा होता, पूर्ण वाढलेला, वीतभर उंचीचा. आणि ती शिंगं म्हणजे नुसते पिसांचे तुरे, कान नव्हेत.

तो पुन्हा दिसावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज लावून बघ, असं मला कोणी कोणी सुचवलं. मी एकदाच लावला. तो ताबडतोब आला, जवळच्या फांदीवर बसला, आणि अर्धा तास न थांबता ओरडत राहिला. आपल्या हद्दीत दुसरा नर आला आहे असं त्याला वाटलं होतं. शिकारीची वेळ त्याने नसलेल्या शत्रूला हाकलण्यात घालवली. मला ते बघवेना. त्यानंतर मी आवाज फक्त ऐकते, लावत नाही, आणि इतरांनाही लावू नका म्हणून सांगते.

२०१८ च्या नोव्हेंबरात आईला घेऊन पिंगोरीला गेले. पुरंदर तालुक्यातलंच गाव. डॉ. सतीश पांडे यांच्या इला फाउंडेशनने तिथे घुबडांचा महोत्सव भरवला होता, पहिलाच. शाळेतल्या मुलांनी घुबडाची चित्रं काढली होती, मुखवटे केले होते. ज्या पक्ष्याचं नाव तिन्हीसांजेला घ्यायचं नाही, त्याचे मुखवटे घालून पोरं मैदानात पळत होती. आई एका दगडावर बसून त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मला म्हणाली, "दादांना दाखवायला हवं होतं गं हे."

परतताना अंधार पडत आला म्हणून भाच्याच्या शेतावर चहाला थांबलो. समोर खडकाळ उतार होता. आई बोलता बोलता थांबली. "ऐक." मला काहीच ऐकू आलं नाही. तिने बोटाने दिशा दाखवली. मग आलं. बू… हूऽऽ. खोल, घागरीत तोंड घालून बोलावं तसं. शृंगी घुबड. हे झाडावर घरटं करत नाही, अशाच कड्यात, खडकाच्या आडोशाला उघड्या मातीवर अंडी घालतं. माझ्या आधी तिला ऐकू आलं होतं. तेव्हा तिचं वय ७८ होतं.

पुढच्या वर्षी, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला. ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या भागात भिंती कोसळल्या, गाड्या एकावर एक चढल्या, माणसं गेली. त्या दिवसांत घुबडांचा विचार कोणाच्या मनात येणार? माझ्याही आला नाही. चार-पाच दिवसांनी चिखल उपसताना वर बघितलं, तर वर्षावृक्षाच्या जागी आकाश होतं. कुंपणाच्या भिंतीसकट ओढ्याने त्याला मुळापासून नेलं होतं. ढोली गेली. दोन आठवडे तिन्हीसांज मुकी गेली. मग एका संध्याकाळी आमच्याच पार्किंगमधून चिर्रर्र ऐकू आलं. जुन्या एसीच्या नळीसाठी पाडलेलं आणि कधी न बुजवलेलं एक भोक होतं. त्यात जोडी शिरली होती. सोसायटीच्या बैठकीत भोक बुजवायचा विषय निघाला तेव्हा मी बोलायच्या आत पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, "राहू द्या. पुरातून आपण राहिलो, तीही राहतील." ते भोक अजून आहे.

बंगला मात्र पाडायचा ठरला. पत्रे लागले, फलक लागला. त्या हिवाळ्यात झरोक्यातून पुन्हा घरघर सुरू झाली होती. मी कामावरच्या मुकादमाला भेटले. बीडकडचा माणूस. मी समजावत असताना त्याने एकदाच वर बघितलं. "पिल्लं हायेत व्हय? मग मागच्या अंगानं सुरू करतो," म्हणाला. पोर्च आणि पोटमाळा त्याने शेवटी ठेवला. कायदा घुबडांच्या बाजूने आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना धरणं, मारणं, विकणं गुन्हा आहे. पण त्या दिवशी माझ्या पिशवीतला कायद्याचा कागद बाहेर काढायची वेळच आली नाही. तिन्ही पिल्लं उडाली, मग पोर्च पडला.

आम्ही गच्चीवर टाकीच्या सावलीला एक लाकडी पेटी बसवली. आत थोडा भुसा, समोर वीतभर रुंद तोंड. पहिलं वर्ष ती रिकामी राहिली. दुसऱ्या वर्षी कबुतरांनी काड्या आणल्या, त्या मी काढत राहिले. तिसऱ्या वर्षी पेटीखाली एक काळी, चकचकीत गोळी मिळाली.

आमची गल्ली कुठली हे मी कोणाला सांगत नाही, फोटोही टाकत नाही. दिवाळीच्या आधी घुबडं धरली जातात. जादूटोण्यासाठी, अमावास्येच्या पूजेत बळी द्यायला. २०१० मध्ये ट्रॅफिक या संस्थेचा या चोरट्या व्यापारावरचा अहवाल आला. तो वाचून मी दोन रात्री नीट झोपले नाही. लक्ष्मीचं वाहन म्हणायचं आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याचीच मान कापायची! याबद्दल माझ्या मनात क्षमा नाही.

आई आता ८४ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी ती मला म्हणाली, "पिंगळे गेले वाटतं गं कुठे." मी गप्प राहिले, कारण त्याच वेळी खाली पार्किंगमध्ये ते कडाकडा भांडत होते. कानाच्या डॉक्टरांनी तपासणीचा कागद दाखवला. त्यावरची रेघ डावीकडे सपाट होती आणि उजवीकडे टेकडी उतरावी तशी खाली गेलेली. म्हातारपणी वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, ते म्हणाले. पिंगळ्याची चिर्रर्र गेली. पिल्लांची घरघर गेली, जी तिने माझ्या आधी तासभर ऐकली होती. मागच्या हिवाळ्यात भाच्याच्या शेतावर गेलो तेव्हा उतारावरून बू… हूऽऽ आलं, आणि तिने मान वळवली. खालची पट्टी अजून तिच्याकडे आहे.

कानाचं यंत्र संध्याकाळी ती काढून ठेवते, ते शिट्ट्या मारतं म्हणून. तरी सहाला तिची खुर्ची गॅलरीत लागतेच. मी शेजारी बसून सांगत राहते, मोठ्याने आणि खुणा करून. पिल्लं बोलायला लागली, दोन आहेत, आता मोठ्याने, आता थांबली. ती मान डोलावते आणि पेटीवरची नजर काढत नाही.

परवा ते बाहेर आलं तेव्हा उजेड बऱ्यापैकी होता. पेटीच्या तोंडाशी बसलं, बदामी चेहरा एकदा आमच्याकडे केला, एकदा टेकडीकडे. मग नुसतं पुढे झुकलं आणि गॅलरीच्या इतक्या जवळून गेलं की आईच्या कपाळावरचे केस हलले. मी श्वास रोखून कान दिला होता.

आईने माझ्याकडे वळून विचारलं, "आवाज झाला का गं?"

"नाही आई," मी म्हणाले. "मलाही नाही आला."